विमानाचं स्टँड

इंगवले सर विमानतळाला कधी विमानतळ म्हणाले नाहीत. ते 'विमानाचं स्टँड' म्हणत. एस.टी.चं स्टँड, रिक्षाचं स्टँड, तसं हे विमानाचं. बाहेरून आलेल्या सल्लागारांपुढं, सगळी बैठक इंग्रजीत चालू असताना, सर मध्येच मराठीवर येऊन "आता आपल्या ह्या विमानाच्या स्टँडचं बघा," असं सुरू करत आणि टाय लावलेली माणसं एकमेकांची तोंडं बघत बसत. मागच्या खुर्चीवर बसलेल्या मला त्या वेळी असा काही अभिमान वाटायचा की सांगता सोय नाही. आता ते आठवलं की डोकं फिरतं. हा माणूस पहिल्यापासून लबाड असता तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. तो लबाड नव्हता, हीच तर माझी तक्रार आहे.

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेले ती आर्किटेक्टची पदवी घेऊन, नोकरी मागायला. राजारामपुरीतल्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर त्यांचं ऑफिस होतं. जिन्यात पाऊल टाकलं की खाली गिरणीची घरघर आणि वर सगळ्या टेबलांवर पिठाचा बारीक थर. मी माझ्या चित्रांची गुंडाळी सोडायला लागले तर सर म्हणाले, "ते राहू दे. आलीस कशानं?"

"वडापनं."

"कुठनं?"

मी गावाचं नाव सांगितलं. विमानतळाच्या कुंपणाला लागून पलीकडं आमचं गाव.

"मग उतरलीस कुठं? तिथनं इथंपर्यंत ऊन कुठं लागलं, सावली कुठं मिळाली? रस्ता कुठं ओलांडलास?"

मी आठवेल तसं सांगत गेले. सर डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मग डोळे उघडून म्हणाले, "उद्यापासून ये." माझी चित्रं त्यांनी बघितली ती पुढं कधीतरी, आणि तीही चहाचा कप ठेवायला जाड कागद हवा होता म्हणून.

वडाप म्हणजे भरली की सुटणारी आमच्याकडची जीप. तिला वेळापत्रक नाही, तिकीट नाही. कायद्याच्या कडेकडेनं चालणारा धंदा आहे तो. पण जिथं एस.टी. कधीतरीच फिरकते तिथल्या माणसांचा बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं वडापवर चालतं. माझे वडील वडाप चालवायचे. ते गेल्यावर माझा थोरला भाऊ, संभाजीदादा, चालवायला लागला. माझं शिक्षण त्याच गाडीवर झालं. दादानं स्वतःची शाळा सोडली आणि मला हॉस्टेलवर ठेवलं, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

सर बुटके, गोल, शर्ट कायम बाहेर. खिशात टोपण नसलेलं पेन, त्यामुळं प्रत्येक शर्टाच्या खिशाला निळा डाग. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या की ह्यांचे शर्ट मी डागावरनं ओळखते. जन्म कोल्हापुरातला, पण तिखट सोसायचं नाही. मिसळीच्या दुकानात जाऊन मिसळीवर दही मागणारा त्या परिसरातला तो एकमेव इसम असावा. वेटर आधी त्यांच्याकडं आणि मग आमच्याकडं कीव केल्यासारखा बघायचा. सर शांतपणे म्हणायचे, "आण की बाबा. पोटाला गाव कळत नाही." ते ओरडत कधीच नसत. फार राग आला की पेन्सिलींना टोक करत बसत. टेबलावर टोकदार पेन्सिलींचा ढीग दिसला की आम्ही आपापल्या कागदात डोकं घालायचो.

कॉलेजात ते आठवड्यातून एकदा शिकवायला जात. तिथं त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. "विमानाचं स्टँड कुठं सुरू होतं?" पोरं म्हणायची, गेटपाशी. कुणी म्हणायचं, धावपट्टीपाशी. सर मान हलवत. "इचलकरंजीतली एक बाई आहे. पोराकडं बेंगळुरूला निघाली आहे. तिच्या घराच्या उंबऱ्यापासून काढायला घ्या." मग पोरं वैतागत. त्यांना काच, स्टील, पंखासारखं वाकलेलं छप्पर काढायचं असायचं. सर त्यांना त्या बाईचं गाठोडं काढायला लावत. ती मागाच्या कारखान्याच्या भोंग्याला घरातनं निघाली, स्टँडवर आली, पुढं काय? रिक्षावाल्यानं किती सांगितले? रिक्षा दारापर्यंत आली की लांब थांबवली? "बॅग एकदा जरी खाली ठेवावी लागली तरी डिझाइन चुकलं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. चकचकीत काचेच्या विमानतळांना ते फ्रीज म्हणत. बाहेरनं बघायला गार, आत गेल्याशिवाय उपयोग नाही आणि आत सगळ्यांना घेत नाहीत.

हे वाक्य नुसतं बोलायचं नव्हतं. ऑफिसच्या गच्चीवर त्यांनी खडूनं एक वाट आखली होती. इथं बस थांबली, इथं पायरी, इथं दार, इथं रांग. खऱ्या मापात. मग बाजारातनं गुळाची एक ढेप आणली आणि मला सांगितलं, "ही एका हातात, बॅग दुसऱ्या हातात. चल." कोल्हापूरचा माणूस परगावी निघाला की पाव्हण्यांना गूळ नेणारच, तेव्हा गुळासकट चालून बघायचं. ढेप लहान होती तरी हात तुटायची वेळ आली. मी मध्येच खाली ठेवली की सर वाकून खडूची रेघ पुसायचे आणि दार अलीकडं ओढायचे. पुन्हा चल. असं करत करत दार बसच्या इतकं जवळ आलं की सल्लागारांनी विचारलं, हे काय घर आहे का? सर म्हणाले, "हो." त्या गुळाला मुंग्या लागल्या, त्या जिन्यावरनं खाली गिरणीत गेल्या आणि गिरणीवाला भांडायला वर आला. त्याला सरांनी उरलेली ढेप देऊन टाकली.

विमानतळाची नवी इमारत व्हायची ठरली तेव्हाची ही गोष्ट. मुख्य इमारत एका मोठ्या सल्लागार कंपनीकडं होती. तिच्यापुढचं आवार आणि तिथनं शहराकडं जायची वाट आखायचं काम कंपनीनं सरांना दिलं होतं. गावातले बाकीचे आर्किटेक्ट थट्टा करत, इंगवल्याला अंगण झाडायला ठेवलंय. सरांना त्याचं काही वाटत नसे. विमानात माणूस तासभर बसणार, त्याच्या मागचापुढचा सगळा त्रास ह्या अंगणातच असतो, असं ते म्हणत. आणि ते अंगण समजून घ्यायला ते जुन्या इमारतीसमोर जाऊन बसत. नुसते बसत.

एकदा मीही बरोबर होते. कुरुंदवाडकडचं एक कुटुंब जावयाला पोचवायला आलं होतं. टेम्पो भरून माणसं. जावई एकटाच आत गेला आणि बाकीच्यांना पहारेकऱ्यानं बाहेर काढलं. मग ती सगळी कुंपणाच्या कडेला उन्हात बसली. डबे उघडले. सर त्यांच्यात जाऊन बसले. त्या लोकांनी दशमी दिली, वर ठेचा घातला, आणि सरांना असा ठसका लागला की पोचवायला आलेली माणसं जावयाला विसरून सरांच्या पाठीवरनं हात फिरवायला लागली. तेवढ्यात विमान उडालं. सगळे उठून हात हलवायला लागले. सर डोळे पुसत एका म्हाताऱ्या बाईंना म्हणाले, "आजी, दिसला का जावई?"

"न्हाय वो," आजी म्हणाल्या. "पर त्यो बगतोय की आमास्नी."

ऑफिसात आल्या आल्या सरांनी पोचवायला येणाऱ्यांसाठी सावलीतला लांबलचक कट्टा काढला, धावपट्टी दिसेल असा. कंपनीच्या माणसानं विचारलं, हे प्रवासी नाहीत, ह्यांच्यासाठी जागा कशाला? सर म्हणाले, "आमच्यात एका माणसामागं गाडीभर माणसं येतात. त्यांना काय खिशात ठेवू?" कट्टा मंजूर झाला. ह्या माणसाला जग वाकवता येतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

त्यांची सगळ्यात धाडसाची कल्पना वडापची होती. वडापचा जुना थांबा अगदी गेटजवळ, जिथनं नवा रस्ता जायचा होता तिथंच होता. गाड्या हलल्याशिवाय काम सुरू होणार नव्हतं. कंपनीचं म्हणणं, पोलीस बोलवा आणि हटवा, नाहीतरी त्या बेकायदाच आहेत. सर पेन्सिलींना टोक करत बसले. मग म्हणाले, "हटवायच्या नाहीत. आत घ्यायच्या." नव्या इमारतीच्या दाराशी शहर बस, तिला लागून छपराखाली वडापचा थांबा, त्यांना रीतसर परवाना. उतरलेला माणूस बॅग खाली न ठेवता गाडीत. कुठल्याच विमानतळानं आपल्याकडची वडाप कागदावर धरलेली नव्हती. सरांनी धरली. मला तर वाटलं, माझ्या वडिलांना कुणीतरी पहिल्यांदा नावानं हाक मारली.

पण ड्रायव्हर हलायला तयार नव्हते. त्यांचा म्होरक्या माझा भाऊच होता. तेव्हा सर म्हणाले, मी तुमच्या घरी येतो.

ते आले ती दुपार मला लख्ख आठवते. आईनं मटण केलं होतं. दादाच्या बरोबरीचे ड्रायव्हर सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. सरांनी तांबड्या रश्श्याकडं नुसतं बघितलं आणि पांढराच पुन्हा पुन्हा मागितला. आई म्हणाली, "घ्या की सर, लाजताय काय? मी वाढतो की." पांढऱ्यानंसुद्धा त्यांना घाम फुटला होता. पण जेवण झाल्यावर त्यांनी ताटवाट्याच मांडून दाखवल्या. ताट म्हणजे इमारत. वाटी म्हणजे बस. चमचे म्हणजे तुमच्या गाड्या. चमचे ताटाला चिकटून ठेवले. ड्रायव्हर पुढं सरकून बघायला लागले.

"कामापुरतं तुम्ही हायवेच्या पलीकडं सरका," सर म्हणाले. "काम झालं की तुमचा थांबा इथं, दारात. हा माझा शब्द."

मल्लाप्पा म्हणून त्यांच्यातले एक वयस्कर ड्रायव्हर होते, सीमेकडचे, बोलणं बेताचं. ते म्हणाले, "सर, त्येवडं लिवून दिलासा तर बरं हुईल."

"देतो की," सर म्हणाले आणि खिशातलं पेन काढलं. "उज्ज्वला, कागद आण गं."

मी उठले. दादा माझ्यावरच खेकसला, "बस खाली." मग मल्लाप्पांकडं वळला. "काय बोलतासा मामा? सर आत्ता आपल्यात जेवल्यात. जेवल्याल्या मानसाकडनं कागद लिवून घ्यायचा व्हय? लोक काय म्हणतील?"

"तसं न्हवं रं संभा..."

"न्हाय. शब्द दिला न्हवं सरांनी? इषय संपला."

सर पेन हातात धरून बसले होते. "संभाजीराव, मला काही अडचण नाही, खरंच लिहून देतो," ते दोनदा म्हणाले. दादानं त्यांचा पेनाचा हात धरून खाली केला. आमच्याकडं हे असंच आहे. सोयरिका जमतात, बांध सरकतात, गाड्या हातोहात बदलतात, सगळं जेवण झाल्यावर आणि तोंडी. आपल्या घरी जेवलेल्या माणसाला लिहून दे म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आणि त्याहून जास्त आपल्या घराचा. मल्लाप्पांनी मान खाली घातली आणि सुपारी कातरायला घेतली.

ड्रायव्हर हायवेच्या पलीकडं गेले. तिथं ना छप्पर, ना पाणी. प्रवाशांना भरधाव ट्रकांमधनं बॅगा घेऊन रस्ता ओलांडायला लागायचा, म्हणून बरेचजण यायचेच नाहीत. धंदा बसला. कुणी कुरकुर केली की दादा म्हणायचा, "थोड्या दिसांचा परश्न हाय. माझ्या भनीचं सर हायत ते." तो हे इतक्या खात्रीनं म्हणायचा की माणसं गप्प बसायची.

इकडं मी पुठ्ठ्याचं मॉडेल करत होते. इमारत, बस, कट्टा, आणि दाराशी ओळीनं वडापच्या छोट्या गाड्या. पहिली गाडी मी दादाच्या गाडीसारखी रंगवली, निळी, वर पिवळा पट्टा. सरांनी ती उचलून डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाले, "दाराचा कडीकोयंडा तेवढा राहिला बघ." इतके खूष होते.

मग एका दुपारी मी डबा खाऊन वर आले तर सर मॉडेलवर वाकलेले होते. हातात ब्लेड. वडापचं छप्पर त्यांनी मुळापासनं कापून काढलं होतं आणि डिंकाचा राहिलेला डाग खरवडत होते. गाड्या बाजूला एका बशीत.

"सर, हे काय?"

"काढतोय."

"कुणी सांगितलं?"

त्यांनी डागावर फुंकर मारली. "मीच सुचवलं," ते म्हणाले.

मग सगळं शांतपणे सांगितलं. कंपनीला दर्शनी बाजू मोकळी हवी होती. दाराशी पैसे भरून लावायच्या गाड्या आणि मोबाइलवरनं बोलवायच्या टॅक्सी. बस बाहेरच्या रस्त्यावर. सर अडून बसले असते तर काम लांबलं असतं, हे खरं. पण कंपनीनं त्यांना दुसऱ्या एका शहरातल्या विमानतळाची आख्खी इमारत देऊ केली होती, हेही खरं. ते त्यांनी लपवलं नाही. "तिकडं सगळंच आपल्या हातात असेल गं. हे सगळं तिथं करू. कल्पना वाया जात नाही."

"आणि इथं?"

"इथं नाही जमायचं."

"मग मी दादाला काय सांगू?"

सरांनी ब्लेड खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत लाज असती तर मी अजूनही त्यांच्याकडं काम करत असते. ते नेहमीसारख्याच मऊ आवाजात म्हणाले, "मी लिहून देत होतो, उज्ज्वला. तू होतीस की तिथं. त्यांनीच घेतलं नाही."

माझ्या अंगाची आग झाली. घाबरलो म्हणाले असते, मोह झाला म्हणाले असते, तरी मी चहा करून दिला असता. माणूस आहे, होतं. पण आम्ही त्यांची अब्रू राखली ती त्यांनी आमचीच चूक म्हणून आमच्या पदरात घातली. आमच्या आईच्या हातचं जेवून. मी माझी पर्स उचलली. सर दारापर्यंत आले आणि म्हणाले, "रागानं जाऊ नको. काकूनं आज तुझ्यासाठी पण डबा दिलाय, खाऊन तरी जा." ते मनापासून म्हणत होते, ह्याची मला आजही खात्री आहे. मी जिना उतरले आणि पुन्हा कधी चढले नाही.

दादाचा विश्वासच बसेना. "सर असं करायचं न्हाईत. तू रागाची हायस, भांडून आली असशील." दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तो स्वतः गेला. परत आला तो घरात न येता गाडीतच बसून राहिला. आईनं जाऊन विचारलं, काय म्हणाले सर? दादा म्हणाला, "च्या दिला. चांगलं बोलले." बास, एवढंच. आई दाराशी उभी राहून रडली. त्यानं तिला आत जा म्हणून सांगितलं.

मल्लाप्पा त्याला एक शब्द बोलले नाहीत. दादाला तेच जास्त लागलं असावं. बाकीचे मात्र बोलले, आणि काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बहिणीची नोकरी टिकवायला ह्यानं आम्हाला हायवेवर बसवलं, असंसुद्धा. म्होरकेपण गेलं. नंबर लावायचं काम मल्लाप्पांकडं आलं आणि दादा आपणहून ओळीच्या शेवटी गाडी लावायला लागला. थांबा हायवेवर राहिला तो राहिलाच. काहींनी गाड्या विकल्या. मी कसबा बावड्याकडं एका बिल्डरकडं रो-हाउस काढायला लागले. एकसारख्या खिडक्या, एकसारखे जिने. तिथं निदान कुणी काही वचन देत नाही.

विमानतळ झाला. लोक कौतुक करतात, आणि इमारत आहेही चांगली. कट्टा राहिला, पण त्याच्यावर दाटीवाटीनं कुंड्या मांडल्या आहेत, बसायला जागा नाही. सरांचं नाव झालं. ते बाहेरगावी भाषणं द्यायला जायला लागले. कॉलेजातल्या माझ्या एका मैत्रिणीनं असं एक भाषण ऐकलं आणि मला फोन केला. सर तेच सगळं सांगत होते म्हणे. उंबऱ्यापासून काढा, बॅग खाली ठेवावी लागता कामा नये, कुरुंदवाडची आजी. हॉलमध्ये लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पडद्यावर मॉडेलचा फोटो होता, छप्पर कापायच्या आधीचा. दाराशी वडापची ओळ, पहिली गाडी निळी, वर पिवळा पट्टा. मैत्रीण म्हणाली, "तुझ्या दादाची गाडी किती गोड दिसत होती गं!" मी फोन ठेवून दिला. विकायचंच होतं तर सगळंच विकायचं होतं. निम्मं विकलं आणि निम्मं मिरवलं, ह्याला मी काय म्हणू?

त्यांना शेवटचं बघितलं ते गेल्या उन्हाळ्यात. सकाळी कामाला जाताना मी दादाच्या गाडीनं शहरात जाते. विमान यायच्या वेळेला गाड्या हायवेवर थांबतात, कुणी मिळालं तर मिळालं. मी मागच्या बाकावर बसले होते. पुढं बाजाराला निघालेल्या दोन बायका आणि कॉलेजची पोरं होती. ऊन आठ-नऊलाच कडक झालं होतं. विमानतळाकडनं एक माणूस बॅग ओढत चालत येताना दिसला. त्या वाटेवर सावली नाही. रस्त्याची कड उखडली आहे, तिथं बॅगेची चाकं अडकत होती आणि तो थांबत होता. बॅग खाली ठेवत होता, घाम पुसत होता, पुन्हा उचलत होता. ट्रक जाईपर्यंत बराच वेळ पलीकडंच उभा राहिला. रस्ता ओलांडून आला तेव्हा मी ओळखलं. सर होते. बारीक झाले होते. शर्ट आता आत खोचलेला होता.

मल्लाप्पांनीही ओळखलं असणार, पण त्यांनी फक्त हातानं पुढची गाडी दाखवली. आधीच्या गाड्या भरून सुटल्या होत्या, नंबर दादाचा होता.

सर खिडकीशी आले. "टॅक्सी येते येते म्हणाला आणि आलीच नाही," ते कुणाला तरी सांगावं तसं म्हणाले. मग वर बघितलं आणि चेहरा उजळला. "संभाजीराव! ओळखलं नाही का?"

वडापात भाडं उतरताना देतात. कुणाकडूनच आधी मागत नाहीत, नवख्याकडूनसुद्धा नाही. सुट्टे नसले तर उद्या द्या म्हणतात, आणि लोक आणून देतात.

दादा खाली उतरला. सरांच्या हातातली बॅग घेतली, नीट मागं ठेवली, कडी लावली. सरांना चढायला हात दिला. मग त्यांच्यासमोर उभा राहिला आणि तळहात पुढं केला.

"ओळखलं की सर," दादा म्हणाला. "भाडं आधी द्या."

सरांनी खिशात हात घातला. पाकीट लवकर सापडेना.